वाचकांचे प्रश्न : स्विफ्टला साठ हजारांत चपळ कसे करावे?

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय (मधल्या श्रेणीची) आहे. गाडी ६८ हजार किलोमीटर चालली असून टायर अजून कंपनीचेच आहेत. आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून पुण्याला जाणे होते आणि सुटीच्या दिवशी पहाटे पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरपर्यंत फेरी असते. गाडी अधिक चपळ करण्यासाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. गॅरेजवाल्यांनी उघडा एअर फिल्टर, फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर आणि इसीयूचे रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील आकडे बदलणे) मिळून पंचावन्न हजारांचा अंदाज दिला आहे. मित्र म्हणतात, सतरा इंची अलॉय घाल. आधी काय करावे?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : गॅरेजचा तो कागद तूर्त खणात ठेवावा. त्यातील तिन्ही गोष्टी इंजिनाशी संबंधित आहेत आणि आपल्या गाडीत सर्वांत कमी खोट असलेला भाग इंजिन हाच आहे.

आपले ११९७ सीसीचे इंजिन ८३ पीएस शक्ती आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याला टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नाही, म्हणजे पिस्टन खाली जाताना बाहेरची जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच त्याला भागवावे लागते. कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो या इंजिनाला लागणारी हवा कुठेही अडवत नाही, शिवाय त्याची नळी पुढच्या बाजूची थंड हवा घेते. उघडा शंकूसारखा फिल्टर मात्र बॉनेटखालच्या तापलेल्या हवेत बसतो. हवा तीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेली, की ती सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणजे दोन-अडीच पीएस मिळवायला जावे आणि तेवढेच गमावून यावे. इनटेकचा आवाज तेवढा नक्की वाढतो आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे वाटते. माझ्या पहिल्या गाडीला मी हौसेने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. खंबाटकी चढायला लागणारा वेळ सेकंदानेही कमी झाला नाही, आणि महिनाभरात माझे मलाच डोके दुखू लागल्याने जुना सायलेन्सर परत चढवला.

रीमॅपचेही असेच आहे. टर्बो नसलेल्या लहान इंजिनात इग्निशन टायमिंग आणि इंधनाचे प्रमाण बदलून फार तर पाच-सात पीएस हाती लागतात, तेही वरच्या आरपीएमला. पेडल दाबताच थ्रॉटल (हवेची झडप) लवकर उघडेल असा बदल त्यात केलेला असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी फरक मोठा वाटतो. पण तीच गोष्ट उजवा पाय थोडा अधिक दाबून फुकट मिळते. शिवाय आपली फेरी ज्या महाबळेश्वरकडे असते, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा बारा ते पंधरा टक्के विरळ असते. वर पोहोचेपर्यंत आपल्या ८३ पीएसमधले दहाएक पीएस तो डोंगरच काढून घेतो, त्यापुढे पंचावन्न हजार देऊन मिळणाऱ्या पाच-सातांची मातब्बरी ती काय?

स्विफ्टचे खरे बळ तिच्या वजनात आहे. गाडी पावणेनऊशे किलोंच्या आसपास आहे आणि चालक धरून साडेनऊशे. डिकीत कायमचे पडून असलेले पंचवीस किलोंचे सामान उतरवले, की शक्ती आणि वजनाचे गुणोत्तर अडीच टक्क्यांहून अधिक सुधारते. ते दोन पीएस वाढवल्यासारखेच आहे आणि त्याला खर्च शून्य. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नयेत.

आता पैसे कुठे घालावेत ते पाहू. ६८ हजार किलोमीटरनंतर आणि आपल्याकडच्या खड्ड्यांनंतर शॉकअप नव्यासारखे राहिलेले असण्याची शक्यता फार कमी आहे. ते हळूहळू मरतात, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला कळत नाही. वळणात गाडी आधी झुकते, मग सावरते, पुन्हा डोलते. चालक नकळत वेग कमी करतो आणि दोष इंजिनाला देतो. चारही शॉकअप, पुढच्या स्ट्रटचे माउंट, बम्प स्टॉप आणि लोअर आर्मचे रबरी बुश तपासून जे गेले असेल ते कंपनीच्या मापाचेच बदलावे. मजुरीसह हे काम साधारण बारा ते पंधरा हजारांत होते. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी पुन्हा करणे, हा माझ्या मते कोणत्याही जुन्या गाडीतला सर्वांत स्वस्त ‘अपग्रेड’ आहे. त्याचे फोटो काढून मित्रांना दाखवता येत नाहीत, एवढीच त्याची उणीव. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. आपल्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे. तो कमी केल्यास गावोगावचे स्पीडब्रेकर पोट घासतील आणि कापलेली स्प्रिंग चाक हवेत लोंबकळताना जागेवरून निसटूही शकेल.

दुसरा आणि सर्वांत मोठा खर्च टायरचा. गाडीचा वेग, वळण आणि थांबणे हे सगळे तळहाताएवढ्या चार जागांतून रस्त्यावर उतरते. आपले टायर सात-आठ वर्षांचे असतील, तर खाच शिल्लक असली तरी रबर कडक झालेले असणार. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा पाहावा : ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. व्हीएक्सआयला १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, रिम १४ इंची) हे माप येते, तर याच गाडीच्या वरच्या श्रेणीला, झेडएक्सआयला, कंपनी १८५/६५ आर १५ देते. पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१.५ मिलिमीटर; म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, गिअरचा हिशेब बदलत नाही, पण रुंदी वीस मिलिमीटरने वाढते आणि बाजूची भिंत बुटकी झाल्याने स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळते. झेडएक्सआयच्या उतरवलेल्या रिम जुन्या बाजारात मिळतात. घेताना प्रत्येक रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहावी, वाकलेली किंवा वेल्डिंग केलेली असल्यास कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी. टायर घेताना पावसातल्या पकडीला झुकते माप द्यावे. जुलैमध्ये पसरणीच्या वळणावर शेवाळलेला डांबरी रस्ता भेटेल, तेव्हा चाळीस हजार किलोमीटर टिकणाऱ्या कडक टायरचा काहीही उपयोग नसतो.

सतरा इंची अलॉयबद्दल मित्रांचे ऐकू नये. ती चाके बहुधा जड असतात, आणि चाकाचे वजन शॉकअपच्या खाली असल्याने ते खड्ड्यात उसळते आणि पिकअपलाही मारते. पातळ भिंतीचा टायर एका चांगल्या खड्ड्यात रिमसह जातो.

ब्रेकसाठी चार हजार पुरेसे आहेत. वेग साठावरून ऐंशीवर गेला, की थांबवताना ब्रेकना जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. पुढे चांगल्या प्रतीचे पॅड घालावेत आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो, आणि मग घाट उतरताना पेडल मऊ लागून खाली जाते. डॉट ५ हे सिलिकॉनचे असल्याने ते यात मिसळू नये. मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याचा सल्ला कुणी दिल्यास नम्रपणे नाकारावा. या गाडीत थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात.

अंदाजे हिशेब असा होतो : शॉकअप आणि बुश चौदा हजार, टायर चोवीस हजार, जुन्या रिम सोळा हजार, ब्रेक चार हजार, आणि उरलेल्यात अलाइनमेंट-बॅलन्सिंग. रिमवर खर्च नको असेल तर चौदा इंचीच चांगले टायर घ्यावेत, फायद्याचा मोठा वाटा तेवढ्यातही मिळेल.

कायद्याचा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. मी सुचवलेले सगळे भाग कंपनीने याच मॉडेलला दिलेल्या मापांत बसतात. फ्री-फ्लो सायलेन्सरबद्दल तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : माझी २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. तिला रीमॅप करावे का? गिअरबॉक्स जाईल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली गाडी चाकणच्या कारखान्यातली, आणि वरच्या वाचकांना मी दिलेले उत्तर तिला जसेच्या तसे लागू पडत नाही. तिच्या १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो आहे. १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर हे आकडे कंपनीने राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे टर्बोचा दाब थोडा वाढवला, की वीस-पंचवीस पीएस खरोखरच मिळतात. रुपयामागे शक्ती मोजायची झाल्यास रीमॅपइतके स्वस्त दुसरे काही नाही.

गिअरबॉक्सचा मुद्दा रास्त आहे. सात गिअरचा हा डीएसजी कोरड्या (तेलात न बुडवलेल्या) क्लचचा असून त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर धरली जाते. सौम्य रीमॅप त्याखाली राहते, मात्र कोरडा क्लच टॉर्कपेक्षा रांगत्या वाहतुकीत अधिक झिजतो. द्वारका चौकात रोज अर्धा तास इंचाइंचाने सरकत असाल आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आताच थरथर जाणवत असेल, तर आधी क्लच तपासून घ्यावा, रीमॅपचा विचार नंतर. स्पार्क प्लग नवे असावेत आणि पेट्रोल ९५ ऑक्टेनचेच भरावे. त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल वाढवलेल्या दाबाला नॉकिंग करते (अवेळी पेटून इंजिनात ठोके देते). ट्यूनर (रीमॅप करणारा) आपल्याच गाडीचा लॉग (चालताना नोंदवलेले आकडे) आधी आणि नंतर घेऊन दाखवत असेल तरच काम द्यावे, आणि इसीयूची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. कलम ५२ बद्दल वर लिहिले आहे ते आपल्यालाही लागू आहे.