खटकणं आणि पट्टी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समोर आलेली नोकरी घ्यावी का, यावर मन एक सांगतं, डोकं दुसरंच, मग ऐकायचं कुणाचं, असं विचारलं आहेस. मला ही दोघं इतकी परकी वाटत नाहीत.

मी बरीच वर्षं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रुफं, तपासतोय. भराभर वाचत जाताना एखाद्या ओळीवर नजर अडखळते. चूक अजून दिसलेली नसते, नुसतं खटकतं. मग मागे येऊन एकेक अक्षर बघतो, तेव्हा पहिलीच्या जागी पडलेली दुसरी वेलांटी सापडते. कधीकधी काहीच सापडत नाही, म्हणून बघावंच लागतं. सुरुवातीला हे खटकणं नव्हतं. ओळीखाली पट्टी धरायची, नियम आठवायचा, कोश उघडायचा. तेच सगळं मुरून आता खटकणं झालंय.

पण आकड्यांचा तक्ता आला की ही नजर आंधळी. 1973 च्या जागी 1937 पडलं तरी आत काही हलत नाही. तिथे आजही पट्टीच धरतो.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी 1973 मध्ये बुद्धिबळात हेच दाखवलं. खऱ्या डावातला पट फक्त 5 सेकंद बघून कसलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे जागच्या जागी मांडतो. मोहरे वाटेल तसे विखुरले, की त्याची ही आघाडी जवळजवळ संपते.

अचानक सुचतं त्याचं काय, असं म्हणशील. गणितज्ञ आंरी प्वांकारेला एक मोठी कल्पना बसच्या पायरीवर पाय ठेवताना सुचली. पण त्याआधी तो 15 दिवस त्याच विषयाशी झुंजला होता, आणि घरी परतल्यावर त्याने ती नीट पडताळली. लोक पायरीची गोष्ट सांगतात आणि पडताळणी गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुझ्या नोकरीचं. त्या माणसांत जीव गुदमरेल असं तुला वाटतं, ते मी हलक्यात घेणार नाही. माणसं वाचायला तर तू लहानपणापासून शिकत आहेस, आणि चुकल्याचा फटकाही लगेच बसत आला आहे. ते क्षेत्र दहा वर्षांनी टिकेल का, हे मात्र मनाला विचारू नकोस. तसा अंदाज बांधून तो खरा-खोटा ठरलेला तू अजून एकदाही पाहिलेला नाही. तिथे माहिती जमव, कागदावर मांड.

आणि आज जे वाटतंय ते, कारणं न जोडता, तारीख घालून लिहून ठेव. सहा महिन्यांनी ते पान आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
काका