व्ही-क्रॉसला बाहेरचे शॉकअप कोणते बसवावेत?

तुमच्या प्रश्नातला मुद्दा थोडक्यात असा: इसुझूचा व्ही-क्रॉस पिकअप, मागच्या हौद्यावर कॅनोपी (टपासारखं झाकण) आणि आत कॅम्पिंगचं सामान, फिरणं बहुतेक सह्याद्रीत आणि पुढच्या उन्हाळ्यात लडाख. कंपनीचे शॉक दमलेत आणि दुकानदार रिझर्व्हॉयरवाले शॉक, वर दोन इंचांची लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं), असं सगळं गळ्यात मारतोय. माझ्याकडेही हीच गाडी आहे. सरळ सांगतो, ते पॅकेज घेऊ नका. आधी मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, बघा, शॉकचं नंतर.

गाडीचं वजन शॉक पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. शॉक फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. कॅनोपी, फ्रिज, पाण्याचे कॅन कायमचे चढवले असतील तर मागची बाजू खाली बसणारच. तिथे नुसते कडक शॉक टाकलेत तर गाडी बसलेलीच राहील, वर गचके वाढतील. म्हणून प्रवासाला निघताना असते तशी, टाकी भरून, गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. पाटे बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या कायम किती किलो लादणार त्याप्रमाणे पाट्यांचे वेगवेगळे सेट देतात. शॉकचं व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतल्या तेलाला होणारा अडथळा, तोही त्याच सेटला जुळणारा घ्यायचा. पण सामान फक्त सहलीपुरतंच चढत असेल तर भारी पाटे अजिबात नकोत, एरवी रिकाम्या गाडीत कंबर मोडेल.

आता रिझर्व्हॉयर. शॉकमध्ये तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यात उसळीची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेल जास्त तापलं, त्यात फेस झाला की शॉक पोकळ पडतो आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. बाजूला नळीने जोडलेला रिझर्व्हॉयर म्हणजे जास्तीचं तेल आणि गॅसला वेगळी जागा. सलग तासभर वेगात खडबडीत रस्ता तुडवला तर त्याचा उपयोग. आपल्या घाटवाटांवर गाडी लो-रेंजमध्ये, माणसाच्या चालीने जाते. तिथे शॉक तापतच नाही. लडाखच्या लहरीदार कच्च्या रस्त्यांवर तापतो हे खरं, पण बेताच्या वेगात आणि अधूनमधून थांबत गेलात तर चांगला साधा शॉक ते सहन करतो. त्याच रस्त्यावर रिबाउंड (दबल्यावर परत उलगडणं) फार कडक असलेला शॉक मात्र घात करतो: एका लहरीवरून चाक खाली यायच्या आत दुसरी लहर येते, सस्पेन्शन हळूहळू दबतच जातं आणि शेवटी बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) दणके बसायला लागतात. ‘कडक म्हणजे दणकट’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

मग ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब? मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. पिस्टन मोठा बसतो, तेल बाहेरच्या पत्र्याला थेट टेकलेलं म्हणून लवकर गार होतं, दाबाखालचा नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात असल्याने फेसही होत नाही. बिल्स्टाइन कंपनीचा ५१०० हा शॉक या जातीचा, पिस्टन ४६ मिमीचा. पण पिस्टन ज्या भिंतीवर घासतो तीच बाहेरची भिंत. ओढ्यातल्या दगडाने तिला पोचा पडला की पिस्टन तिथेच अडकतो, शॉक गेला. ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात, त्यामुळे बाहेरून पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. ओल्ड मॅन इमूचा नायट्रोचार्जर ट्विन-ट्यूबच आहे. आयर्नमॅनच्या फोम सेलमध्ये गॅसऐवजी फोम असतो, त्यामुळे तेलात फेस होत नाही. तुमच्या वापराला मी ट्विन-ट्यूब किंवा फोम सेल घेईन. मुंबई-गोवा महामार्गावर सुसाट जाणं जास्त आणि दगड कमी असते, तर बिल्स्टाइन म्हणालो असतो.

ऑर्डर देताना एक सांभाळा. ऑस्ट्रेलियात डी-मॅक्स (आपली व्ही-क्रॉस हे त्याच गाडीचं रूप) खूप चालते, त्यामुळे सुटा माल भरपूर मिळतो, पण तिथे २०२० मध्ये नवी पिढी आली. आपल्याकडची व्ही-क्रॉस त्याच्या आधीच्या पिढीची. ‘डी-मॅक्सचा सेट’ एवढंच सांगून मागवलात तर भलताच माल पदरात पडेल.

लिफ्टचं म्हणाल तर कायम भार असेल तर जुळणाऱ्या पाट्यांनीच मागची बसलेली बाजू वर येते, पुढे तीसेक मिमी पुरे. पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट असल्याने फार उचललं की ड्राइव्ह शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) आणि वरच्या बॉल जॉइंटचा कोन बिघडतो, शिवाय अलाइनमेंटही नीट बसत नाही. शॉकची लांबीही तपासून घ्या: चाक पूर्ण वर दाबलं जाताना शॉकच्या आधी बंप स्टॉप टेकलाच पाहिजे, नाहीतर शॉकच ठोकर खात राहतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत. मूळ मापाचे शॉक बदलणं ही एक गोष्ट, गाडीची उंची बदलणं ही दुसरी. दावा करायची वेळ आली तर विमा कंपनी काय म्हणेल, हे आधीच लेखी विचारा.

बसवताना पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडणी) घरी उघडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर असलेल्या वर्कशॉपातच ते काम करा. आणि उभे राहून बघा: रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे, कसायचे ते चाकं जमिनीला टेकल्यावर. घाईत फिटर हवेतच कसतो, मग बुश कायम पिळलेला राहतो आणि फार लवकर फाटतो. पाटे बदलले असतील तर पाचेकशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) पुन्हा कसून घ्या. त्याच वेळी शॉकच्या रॉडपाशी हात फिरवा. तेलाचा पातळ ओशटपणा चालतो, थेंब ओघळत असेल तर वॉरंटीत परत करा.