शेड बांधण्याआधी जॉबकार्ड काढ

भाऊ, रेशीम शेती करायची म्हणतोस, तर ऐक. आसामात एरी नावाच्या रेशमाच्या कोषातल्या अळ्या चवीनं खातात, पण आपल्याकडे अनुदान मिळतं ते मुख्यतः तुतीचा पाला खाणाऱ्या अळीच्या रेशमासाठी. तेव्हा सुरुवात तिथूनच कर.

पहिलं काम जॉबकार्ड. रोहयोतून, म्हणजे रोजगार हमी योजनेतून, तुती लावायची तर ते लागतंच, आणि ग्रामसभेच्या आराखड्यात नावही हवं. मंजुरीआधी खड्डे खणलेस तर ती मजुरी तुझ्याच खिशातून गेली समज. पैसे हजेरीपटावर, टप्प्याटप्प्यानं येतात. साहित्याचे तर फारच रेंगाळतात. म्हणून अळ्या वाढवायची शेड अनुदानाच्या भरवशावर उधारीत उभारू नकोस. पक्की बिलं मात्र जपून ठेव.

तुतीचा व्ही-१ वाण, पट्टा पद्धत म्हणजे जोडओळीत लागवड, ५ × ३ × २ फूट: दोन जोडओळींत ५, जोडीतल्या ओळींत ३, झाडांत २. बाकी रेशीम कार्यालयातले लोक सांगतीलच.

जागा मात्र नीट बघ. माझी दुसरी बॅच शेजारच्या कपाशीवरच्या फवारणीनं गेली. वारा आमच्याकडे होता, औषध तुतीवर आलं आणि पाला तोच घातला. संध्याकाळपर्यंत अळ्या माना टाकून हिरवं ओकत होत्या. तंबाखू खाऊन तर शेडमध्ये पाऊलही टाकू नकोस. अळ्यांवर अंडी घालून त्यांना मारणारी उझी माशी आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्यांना जाळी हवीच.

चॉकी, म्हणजे सुरुवातीला वाढवून दिलेल्या लहान अळ्या, विकतच घे. कोष जालन्याच्या कोष बाजारात ने, पण निघण्याआधी त्या दिवसाचा भाव विचार.