नगरसेवकाची 50 लाखांची नोटीस आली, माफी मागू का?

प्रश्न : आमच्या प्रभागातल्या काँक्रीट रस्त्याची जाडी कमी असल्याचं मी माहिती अधिकारातल्या कागदांसह फेसबुकवर लिहिलं. शेवटी ‘नगरसेवकाने पैसे खाल्ले’ असंही लिहिलं. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : 15 दिवसांत जाहीर माफी, नाहीतर 50 लाखांचा दावा आणि फौजदारी. काय करू?

उत्तर : सरसकट माफी मागू नका. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळी विधानं आहेत. अंदाजपत्रकात 150 मि.मी. आणि टेप लावून फोटोत 90 मि.मी., हे कागदावर टिकतं. ‘पैसे खाल्ले’ टिकत नाही. मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) नोंद कनिष्ठ अभियंता करतो, बिल प्रशासन काढतं. नगरसेवकाची त्यावर सहीसुद्धा नसते. त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचल्याचा कागद तुमच्याकडे आहे का? बहुतेकांची गाडी इथेच अडते.

दिवाणी बाजू तुम्हाला बरीच अनुकूल आहे. आर. राजगोपाल खटल्यात (1994) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कामाबद्दल लिहिलेलं खोटं आहे आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिलं आहे, हे त्याने सिद्ध केल्याशिवाय भरपाई नाही. लिहिणाऱ्याने वाजवी खातरजमा केल्याचं दाखवलं तरी पुरतं. म्हणून माहिती अधिकाराचं उत्तर पोस्टच्या आधी हातात आलं होतं की नंतर, ही तारीख बघा. आणि 50 लाखांच्या आकड्याने घाबरू नका. नोटिशीत आकडा फुकट लिहिता येतो, दावा लावताना त्यावर कोर्ट फी भरावी लागते.

फौजदारीत मात्र सवलत कमी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा होऊ शकते. विधान खरं आणि लोकहिताचं होतं, किंवा सद्भावनेने केलं होतं, हा अपवाद सिद्ध करायचा भार तुमच्यावर. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. तक्रार न्यायदंडाधिकाऱ्यापुढे करावी लागते.

आता कामाचं. पोस्ट घाईने उडवू नका. आधी तारीख, लिंक आणि प्रतिक्रिया दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या आणि ज्या फोनवरून पोस्ट टाकली तो जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नोटिशीचं पाकीटही ठेवा. मग ते एक वाक्य काढा आणि मुदतीत वकिलामार्फत उत्तर पाठवा : ‘पैशांबाबतचे वाक्य मागे घेत आहोत, रस्त्याच्या जाडीबाबतचे म्हणणे कागदपत्रांसह कायम आहे.’ ‘चूक झाली, क्षमस्व’ असं मोघम लिहिलंत, तर तेच पुढे कबुली म्हणून तुमच्यापुढे ठेवतील. कमेंटमध्ये वाद घालू नका; प्रत्येक नवी कमेंट म्हणजे नवं प्रकाशन.

दिवाणी दाव्याची मुदत प्रकाशनापासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. तोवर कागद सांभाळा. उद्या नगरपरिषदेनेही भरपाईची धमकी दिली, तर राजगोपालचाच निकाल दाखवा : स्थानिक संस्थेला बदनामीच्या भरपाईचा दावा करता येत नाही.

रस्त्याचा मुद्दा सोडू नका. मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार देऊन काँक्रीटचे कोअर (यंत्राने कापलेले गोल नमुने) काढून जाडी तपासायची मागणी करा आणि पोच घ्या. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कलम 356 मध्येच वेगळा अपवाद आहे.