व्हिडिओ बघताना नजर कुठे आहे यावर शिकणं खरंच अवलंबून असतं का?

हो, बऱ्यापैकी. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी शैक्षणिक व्हिडिओ बघणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तर ज्यांची नजर बाकीच्यांसारखीच त्या त्या क्षणी त्याच जागी जात होती त्यांना नंतरच्या टेस्टमध्ये जास्त मार्क पडले, आणि तोच व्हिडिओ बघताना मनात उलटे आकडे मोजायला लावले की डोळे स्क्रीनवरच, पण नजर बाकीच्यांशी जुळेनाशी झाली. म्हणजे नुसतं टक लावून बसून काही होत नाही.

पण सगळा दोष विद्यार्थ्यांना कशाला द्यायचा, आकृती एकीकडे, तिची नावं दुसरीकडे आणि कोपऱ्यात सरांचा चेहरा असेल तर बघणार तरी काय काय? बोलताय तोच भाग बाणाने किंवा रंगाने दाखवा, नजर आपोआप तिथे जाते.