दहावीचे गुण कुठवर पुरतात?

प्रश्न : मुलाला दहावीत 71 टक्के मिळाले. भावकीत सगळे म्हणतात, आता चांगलं कॉलेज विसरा. पुढे खरंच एवढा फरक पडतो का?
– एक पालक, सिन्नर

उत्तर : गुण दोन तऱ्हांनी बघितले जातात. कुठे त्यांच्यावर रांग लागते, कुठे ते नुसता उंबरठा असतात. दहावीचे गुण रांगेचे. अकरावी, पॉलिटेक्निक, आयटीआय या तिन्ही ठिकाणची गुणवत्ता यादी त्यांच्यावरच लागते आणि तिथे अर्ध्या टक्क्यानंही कॉलेज बदलतं. पण ही रांग दोन वर्षांची. इंजिनिअरिंगची पुढची रांग सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहात त्यावर, नव्याने लागते. दहावीची टक्केवारी फार तर दोघांची बरोबरी सोडवायला काढतात.

तेव्हा आत्ता लक्ष द्या ते पसंतीक्रमाकडे. अर्जात 10 कॉलेजं देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. केवळ नाव मोठं म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडचं कॉलेज पहिलं टाकलं आणि ते लागलं, तर सिन्नरहून रोजचा एसटीचा प्रवास दोन वर्षं करावा लागेल. आपल्या शाखेचा आणि प्रवर्गाचा गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून, मूल रोज जाऊ शकेल अशीच नावं लिहा. यंत्रांची आवड असेल तर तीन वर्षांच्या पदविकेचा विचार जरूर करा. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला पदविकेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी द्यावी लागत नाही.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे. क्लासमध्ये सांगतात, बोर्ड सोडा, फक्त सीईटी करा. ऐकावं का?
– एक आई, पंचवटी

उत्तर : हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात दरवर्षी मुलं अडकतात. बारावी इथे उंबरठा आहे. इंजिनिअरिंगला भौतिक, रसायन, गणित मिळून खुल्या प्रवर्गात 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 लागतात; राखीव प्रवर्गांना 40 टक्के. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटच्या मुलांना खुल्या प्रवर्गात भौतिक, रसायन, जीवशास्त्रात 50 टक्के. जेईईवरून एनआयटी किंवा आयआयटी हवी असेल तर हा उंबरठा चांगलाच उंच होतो : पाच विषय मिळून 75 टक्के (एससी, एसटीला 65), नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं. खुल्या प्रवर्गात सीईटीत उत्तम पर्सेंटाइल आणि बोर्डाच्या त्या तीन विषयांत 130 गुण, तर इंजिनिअरिंगला प्रवेश नाहीच.

घसरण होते ती लिहिण्यात. वर्षभर फक्त पर्यायी प्रश्न सोडवले की सिद्धता पायऱ्यांनी मांडायची, कारणं द्यायची, आकृतीला नावं द्यायची सवय सुटते. भौतिक आणि रसायनात 70 गुण लेखी, 30 प्रात्यक्षिकाचे. गणितात 80 आणि 20. ते 30 गुण जर्नल वेळेवर पुरं करणाऱ्याला सहज मिळतात, गैरहजर राहणाऱ्याचे विनाकारण जातात. तसाही सीईटीचा सुमारे 80 टक्के अभ्यासक्रम बारावीचाच आहे, त्यामुळे बोर्डाचा अभ्यास वाया जात नाही. डिसेंबरपासून आठवड्याला दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहायला बसवा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या.

प्रश्न : बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला 52 टक्के होते. नोकरीत आडवे येतील का?
– एक विद्यार्थी, ओझर

उत्तर : कॅम्पसमध्ये, म्हणजे कंपन्या कॉलेजात येऊन करतात त्या भरतीत, येऊ शकतात. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत 60 टक्के मागतात. ही अट अर्ज भरण्याआधी वाचा. एमपीएससी, यूपीएससीची सामान्य पदं आणि बँकांच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला पदवी पुरते, निवड परीक्षेवर होते. याउलट टपाल खात्याच्या ग्रामीण डाक सेवकाची निवड आजही निव्वळ दहावीच्या गुणांवर होते.

आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख आजच आधारशी ताडून पाहा. पुढे प्रत्येक कागदपत्र तपासणीत तेच मागतात. स्पेलिंग चुकलं असेल तर शाळेत जा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (प्रवेशाच्या नोंदवहीतली) नोंद बरोबर असेल तर मुख्याध्यापकांमार्फत मंडळाच्या नाशिक विभागाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो. याला वेळ लागतो, म्हणून भरतीची जाहिरात निघण्याची वाट पाहू नका.