वाचक विचारतात: अंधारातही पेशी जाग्या का होतात?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रेझिक्विमॉड या टीएलआर-७ उत्तेजकाच्या (टीएलआर-७ हा रोगप्रतिकारक पेशींतला, जंतूंची चाहूल घेणारा ग्राही) अमिनो गटावर आम्ही नायट्रोबेन्झिलचे, प्रकाशाने सुटणारे झाकण बसवले आहे. ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीने ते उघडले, तरच उंदराच्या रॉ २६४.७ या भक्षक पेशींनी टीएनएफ (दाह वाढवणारे प्रथिन) सोडायला हवे. पण प्लेटमधल्या अंधारातल्या वेलमध्येही (खळग्यातही) टीएनएफ येते, आणि उजेडातल्या पेशी मरतात. कुठे चुकते?

उत्तर: आधी शुद्धता तपासा. तुम्ही १० मायक्रोमोलर संयुग घातले आणि त्यात १ टक्का उत्तेजक बिनझाकणाचा राहिला, तर पेशींना १०० नॅनोमोलर मिळतो. या पेशींना तेवढाही पुरू शकतो. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) तो डाग दिसेलच असे नाही, एचपीएलसीच (जास्त संवेदनशील द्रव क्रोमॅटोग्राफी) करा. वजन करण्यापासून शुद्धीकरणाच्या कॉलमपर्यंत सगळे लाल दिव्यात, ट्यूब फॉइलमध्ये.

एचपीएलसी स्वच्छ निघाली तर संशय एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातून येणाऱ्या विषावर. ते टीएलआर-४ या दुसऱ्या ग्राहीमधून टीएनएफ वाढवते, त्याचा तुमच्या झाकणाशी काही संबंध नाही. एका वेलमध्ये मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम पॉलिमिक्सिन बी (एंडोटॉक्सिनला बांधून निकामी करणारे प्रतिजैविक) घाला. टीएनएफ घसरले तर चोर सापडला.

आता मरणाऱ्या पेशी. संयुगाशिवाय नुसता उजेड दिलेला कंट्रोल ठेवला होता का? (बहुतेक प्रकल्पांत हाच विसरतात.) पेशी वाढवण्याच्या माध्यमातल्या रायबोफ्लेविनवर (बी-२ जीवनसत्त्वावर) अतिनील किरण पडले की पेशींना मारक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. म्हणून उजेड पीबीएसमध्ये (क्षारांच्या साध्या द्रावणात) द्या. संयुग मात्र त्यात दुप्पट संहतीने घ्या आणि नंतर पीबीएस न काढता तेवढेच, २० टक्के सीरम असलेले माध्यम ओता. पीबीएस काढलात तर सुटलेला उत्तेजकही त्याच्याबरोबर जाईल. प्लेटच्या उंचीवर मीटर धरून प्रकाशाची तीव्रता मोजा: १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, ६० सेकंद, म्हणजे ६०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर.

तरीही पेशी मेल्या तर संयुग वेगळ्या ट्यूबमध्ये उजेडात उघडा आणि मग पेशींवर घाला. आता जगल्या तर दोष प्रकाशाचा. मेल्या तर झाकण सुटताना उरणाऱ्या नायट्रोसो तुकड्यावर पहिला संशय घ्या. तो पेशीतल्या थायोल (गंधकयुक्त) गटांना चिकटतो.

प्रश्न: हेच त्वचेखालच्या गाठीत चालेल का?

उत्तर: ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेत मिलिमीटरभरही धड उतरत नाही. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन अतिनील देणारे नॅनोकण आहेत, पण त्या तरंगलांबीला पाणी प्रकाश शोषते आणि ऊती तापते. लेसर थांबवत थांबवत द्यावा लागतो.